नावाची लांबी कोण मोजतं?

मागच्या महिन्यात आपल्या मंडळाच्या अभ्यासवर्गात हॉलमधलं नेट गेलं, तेव्हा मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केला. सगळ्यांना यादीत चटकन सापडावा म्हणून त्याला 'मराठी साहित्य मंडळ' असं नाव द्यायला गेले. फोननं 'मराठी साहित' इथवर घेतलं आणि पुढचं अक्षर काही घेईना. मागून कुणीतरी म्हणालं, "फोनलाही साहित्य झेपेना." सगळे हसले, मीही हसले, आणि शेवटी 'मसामं' एवढंच नाव ठेवून आम्ही कामाला लागलो.

घरी आल्यावर मात्र ते 'साहित' डोक्यातून जाईना. बरोबर तिथंच का अडलं? शोधलं तर उत्तर अगदी साधं निघालं. वायफायच्या नेटवर्कच्या नावाला नियमानं जास्तीत जास्त ३२ बाइट जागा असते. रोमन लिपीतलं एक अक्षर एका बाइटमध्ये बसतं. आपल्या देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नाही. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, पाय मोडायचा तोही वेगळा. 'मराठी' ही पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. मधल्या मोकळ्या जागेचा १. 'साहित' ची पुन्हा पाच चिन्हं, १५. झाले ३१. पुढं 'त्य' करण्यासाठी त चा पाय मोडायला गेलं की ३४ होतात आणि जागा संपते. 'आदिलाबाद' हे नाव रोमन लिपीत ८ बाइटचं आहे, आपल्या लिपीत २४ बाइटचं.

पहिल्यांदा मला राग आला. आपल्या लिपीला तिप्पट भाडं का, असं वाटलं. पण नंतर लक्षात आलं की फोननं जे केलं ते बरोबरच केलं. कुणीतरी कधीतरी त्या फोनमध्ये एक ओळ लिहून ठेवली होती: नाव ३२ बाइटच्या पुढं जात असेल तर घेऊ नकोस. या लेखाचा विषय ती ओळ आहे. म्हणजे खरं तर ती ओळ लिहायची राहून गेली तर काय होतं, हा विषय आहे.

आता थोडं मेमरीबद्दल. ('स्मृती' हा शब्द मी मुद्दाम टाळते आहे. 'स्मृतिसुरक्षा' म्हटलं की धर्मशास्त्राचा पेपर आठवतो.) कंप्युटरची किंवा फोनची मेमरी म्हणजे एकापुढं एक लावलेली असंख्य घरं. प्रत्येक घराला नंबर, प्रत्येक घरात एक बाइट. घराघरांत भिंती नसतात. अमुक नंबरापासून पुढची ३२ घरं नावासाठी, त्याच्या पुढची चार घरं दुसऱ्या कशासाठी, हे फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. तेहतिसावं घर दुसऱ्याचं आहे हे मेमरी स्वतःहून सांगत नाही.

गावाकडच्या किराणा दुकानातली उधारीची वही डोळ्यासमोर आणा. एका गिऱ्हाइकाला ३२ ओळींचं एक पान. दुकानात कामाला ठेवलेला पोरगा मान खाली घालून लिहितो. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "माझ्या २५५ ओळी आहेत, घे लिहून." पोरगा विचारत नाही, पान बघत नाही, लिहीत सुटतो. पहिलं पान संपतं, दुसऱ्याचं पान लागतं, तिसऱ्याचं लागतं. दुसऱ्यांची उधारी पुसली गेली, एवढ्यावर भागलं असतं तर त्याला घोटाळा म्हणून सोडून देता आलं असतं. पण समजा त्याच वहीत, पुढच्याच पानावर, मालकानं पोराला सूचना लिहून ठेवल्या आहेत: हे काम झालं की अमुक कर, मग तमुक कर. गिऱ्हाइकानं सांगितलेल्या ओळी त्या सूचनांवर चढतात. पोरगा पान उलटतो आणि तिथं लिहिलेलं असतं, 'गल्ल्याची किल्ली समोरच्या माणसाला दे.' वही मालकाची आहे, म्हणजे सूचनाही मालकाचीच असणार. तो किल्ली देऊन टाकतो.

याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात. यात मला सगळ्यात भीतीदायक वाटते ती गोष्ट अशी, की गिऱ्हाइकानं सांगितलेला मजकूर हा मजकूर राहत नाही, तो हुकूम होतो. आपण साहित्याचे विद्यार्थी लेखक कोण, निवेदक कोण, आवाज कुणाचा यावर तास तास घालवतो. मशीनला हा प्रश्नच पडत नाही. वहीत आहे ना, मग ते मालकाचं.

दुसराही एक प्रकार आहे. होस्टेलची खोली एका मुलीनं सोडली, खोली दुसरीला दिली, पण पहिलीनं किल्ली परत केली नाही. ती सवयीनं येते, कुलूप उघडते, आणि आत ठेवलेलं सगळं आपलंच समजून वापरते. प्रोग्राममध्येही सोडून दिलेल्या जागेचा जुना पत्ता कुठंतरी लिहिलेला राहतो आणि नंतर वापरला जातो. तोपर्यंत त्या जागेत हल्लेखोरानं आपलं सामान आणून ठेवलेलं असू शकतं. हा प्रकार शोधायला जास्त अवघड, पण मूळ तेच. जागा कुणाची आणि किती, हे कुणी तपासलं नाही.

हे सगळं कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये होऊ शकतं. मग वायफाय आणि ब्लूटूथची वेगळी चर्चा कशासाठी? कारण वायर असलेल्या मशीनपर्यंत पोचायला वायर लागते. बिनतारी उपकरणाला हवेतून येणारं सगळं ऐकावंच लागतं. वाचल्याशिवाय त्याला कळणारच नाही की हा निरोप आपल्यासाठी आहे की नाही. म्हणजे पासवर्ड विचारण्याच्या आधी, तुम्ही काही दाबण्याच्या आधी, अनोळखी माणसाचा मजकूर तुमच्या फोनमध्ये उतरवून घेतला जातो. आणि वायफायमध्ये हा मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतो. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एक बाइट सांगतो की हे काय आहे (नाव, वेग, वगैरे). दुसरा बाइट सांगतो की पुढं किती बाइट येत आहेत. मग तो मजकूर. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. नियम म्हणतो नाव ३२ च्या आत हवं. पण पाठवणारा लांबीच्या बाइटमध्ये २५५ लिहू शकतो. त्याचा हात कुणी धरलेला नाही.

आणि हे घडलेलं आहे, तेही नावाच्याच बाबतीत. फिनलंडच्या यौनी मालिनेन यांनी सुरू केलेला डब्ल्यूपीए सप्लिकंट नावाचा एक प्रोग्राम आहे. लिनक्सवर आणि अँड्रॉइड फोनमध्ये वायफाय जोडण्याचं काम तोच करतो. दोन फोन राउटरशिवाय थेट एकमेकांना जोडण्याची जी सोय आहे, वायफाय डायरेक्ट, तिच्या भागात एक चूक होती. शेजारच्या उपकरणाचं नाव उतरवून घ्यायला ३२ बाइटची जागा ठेवली होती, आणि उतरवताना पाठवणाऱ्यानं सांगितलेली लांबीच प्रमाण मानली जात होती. २५५ सांगितले की २२३ बाइट जागेबाहेर. अलीबाबाच्या सुरक्षा गटानं हे शोधलं आणि २२ एप्रिल २०१५ ला ते जाहीर झालं. त्याचा नंबर सीव्हीई-२०१५-१८६३. दुरुस्ती केवढी? एक अट. लांबी जागेपेक्षा जास्त असेल तर उतरवू नकोस. माझ्या हॉटस्पॉटनं 'साहित' पाशी पाळली तीच.

इथं कुणी म्हणेल, एवढीशी अट विसरतंच कसं कोण? मीही म्हटलं होतं. पण आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत किती वेळा पुरवणीचा आकडा लिहायला विसरतो? हजारो पानांच्या मजकुरात दर वेळी, दर ठिकाणी, हातानं मोजायचं असेल तर एखादं ठिकाण सुटणारच. चूक एका माणसाची म्हणण्यापेक्षा मोजायचं काम माणसावर सोडणाऱ्या पद्धतीची आहे, असं मला वाचता वाचता वाटायला लागलं.

ही पद्धत आली कुठून? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी ही भाषा केली. ती वेगवान आहे, मशीनच्या अगदी जवळची आहे, आणि लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. तू सांगितलंस ना इथं लिही, मग मी लिहिते, जागा आहे का हे तू बघ. त्याच्याही आधी अल्गोल नावाच्या भाषेत दर वेळी मर्यादा तपासण्याची सोय टोनी होअर यांनी केली होती. १९८० च्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात त्यांनी सांगितलं की ही तपासणी बंद करायची सोय देऊ का, असं गिऱ्हाइकांना विचारलं तेव्हा त्यांनी एकमुखानं नको म्हटलं होतं. पुढच्या पिढीनं मात्र वेगासाठी ती तपासणी सोडून दिली. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म नावाचा प्रोग्राम तेव्हाच्या छोट्याशा इंटरनेटवर पसरला. त्याच्या वाटांपैकी एक वाट हीच होती, ५१२ बाइटच्या जागेत त्याहून जास्त मजकूर. म्हणजे गोष्ट माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. आजही वायफायच्या चिपमधलं बरंचसं सॉफ्टवेअर सी मध्येच असतं.

चिपमधलं, हे मुद्दाम म्हटलं. आपल्याला वाटतं फोन म्हणजे एक कंप्युटर. खरं तर त्यात अनेक कंप्युटर असतात. वायफायच्या चिपला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, आणि ते फोन कंपनी नव्हे, चिप कंपनी लिहिते. त्यामुळं दुकानात एकमेकांशी भांडणाऱ्या दोन ब्रँडच्या फोनमध्ये आत एकच चिप, आणि त्या चिपमध्ये एकच चूक, असं होऊ शकतं. एप्रिल २०१७ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या गाल बेनियामिनी यांनी ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय चिपबद्दल लिहिलं. फोनच्या मुख्य प्रोसेसरमध्ये अशा हल्ल्यांविरुद्ध ज्या युक्त्या वर्षानुवर्षं वापरल्या जातात, त्यांतली साधी साधीही या चिपमध्ये नव्हती. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर समोरच्या दाराला तीन कुलपं आणि मागची पडवी उघडी.

तीनच महिन्यांनी त्याच कंपनीच्या चिपमधली दुसरी चूक पुढं आली आणि ती जास्त गाजली. तिचं नाव ब्रॉडपॉन, शोधणारे निताय आर्टेनस्टाईन. फोन आणि राउटर यांची पहिली ओळख होते तेव्हा राउटर आपली माहिती तुकड्यातुकड्यांनी पाठवतो. त्यातला एक तुकडा आवाज आणि व्हिडिओला आधी वाट द्यायची की नाही याबद्दलचा असतो. चिपनं त्याच्यासाठी ४४ बाइट जागा ठेवली होती. तुकडा २५५ पर्यंत येऊ शकत होता. वजाबाकी करा, २११ बाइट बाहेर. पुन्हा तोच एक बाइटचा आकडा, पुन्हा तीच न लिहिलेली अट. पासवर्डची पायरी अजून आलेलीच नाही. फोन खिशात आहे, मालक चहा पितो आहे, आणि फोन स्वतःहून आजूबाजूला विचारतो आहे, माझ्या ओळखीचं नेटवर्क इथं आहे का? हल्लेखोर म्हणतो, आहे ना, मीच तो.

अँड्रॉइडसाठी गूगलनं जुलै २०१७ च्या सुरुवातीला दुरुस्ती दिली, ॲपलनं १९ जुलैला आयओएस १०.३.३ मध्ये दिली, आणि त्याच महिन्याच्या शेवटी लास वेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत आर्टेनस्टाईन यांनी सगळं मांडून दाखवलं. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एका फोनमध्ये शिरलेला प्रोग्राम त्याच फोनच्या वायफायला खोट्या राउटरसारखं वागायला लावून शेजारच्या फोनमध्ये शिरू शकतो, तिथून त्याच्या शेजारच्या. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात दोन-अडीचशे माणसं उभी असतात. किंवा आपल्याकडचा आठवडी बाजार घ्या. कुणी कुणाला काही पाठवलं नाही, कुणी लिंक दाबली नाही. गोवर पसरतो तसं.

त्याच सप्टेंबरमध्ये ब्लूटूथची पाळी आली. आर्मिस नावाच्या कंपनीनं ब्लूबॉर्न या नावाखाली आठ चुका जाहीर केल्या. अँड्रॉइड, विंडोज, लिनक्स आणि जुनं आयओएस, सगळ्यांत मिळून. ब्लूटूथ नुसतं सुरू असणं पुरेसं होतं, जोडणीची परवानगी देण्याची गरज नव्हती. पुढं फेब्रुवारी २०२० मध्ये सिंगापूरच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी स्विनटूथ नावाचा चुकांचा गठ्ठा काढला. त्यातल्या एकीचं तर नावच 'लेंथ ओव्हरफ्लो'. मार्चमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं इशारा दिला, कारण तसल्या ब्लूटूथ चिप पेसमेकरमध्ये आणि रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्रांमध्येही बसवलेल्या असतात. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रोजेक्ट झीरोच्या इयन बिअर यांनी लॉकडाउनमध्ये घरी बसून सहा महिने एकट्यानं केलेलं काम प्रसिद्ध केलं. आयफोन एकमेकांशी थेट बोलतात त्या यंत्रणेत ६० बाइटच्या जागेत त्याच्या कितीतरी पट मजकूर उतरवला जात होता. हात न लावता, दुसऱ्या खोलीतून आयफोन ताब्यात येत होता. ॲपलनं ती चूक तोपर्यंत दुरुस्त केली होती. मला यातलं 'एकट्यानं' हे आवडतं, आणि त्याचीच भीतीही वाटते.

आपल्याकडचं काय? महाराष्ट्रात वायफायची भीती पहिल्यांदा घराघरांत पोचली ती २००८ मध्ये. २६ जुलैला अहमदाबादचे बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना आलेला ईमेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या वायफायवरून गेला होता. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता, त्याचं वायफाय बाहेरच्या कुणीतरी वापरलं होतं. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्त्यारस्त्यांवरून फिरून बिनपासवर्डची वायफाय शोधायचं जाहीर केलं. तेव्हापासून आपल्या डोक्यात बसलं की वायफायची सुरक्षा म्हणजे पासवर्ड.

पुण्याचं उदाहरण आणखी पुढचं आहे. एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीचं संशोधनाचं काम पुण्यात चालायचं. तिथल्या मोहम्मद सोहेल अहमद यांनी २०१० मध्ये एक कच्चा दुवा दाखवला. पासवर्ड उत्तम असला तरी त्याच नेटवर्कवर रीतसर आत आलेला माणूस दुसऱ्याला फसवू शकतो. त्याला 'होल १९६' हे नाव पडलं, कारण वायफायच्या नियमांच्या १२३२ पानी ग्रंथात १९६ व्या पानाच्या शेवटच्या ओळीत तो लपलेला होता. आपण संशोधन पद्धतीच्या तासाला 'मूळ संहिता नीट वाचा' हे शंभरदा ऐकलंय. कुणीतरी ते खरोखर केलं, पुण्यात बसून, आणि जगाला त्याची दखल घ्यावी लागली.

पण मित्रमैत्रिणींनो, इथं एक फरक लक्षात ठेवा. सानपाड्याला दाराला कुलूप नव्हतं. १९६ व्या पानावरची चूक कुलपाच्या रचनेतली होती. आपला आजचा विषय भिंतीचा आहे. कुलूप कितीही भारी असो, भिंतच कच्ची असेल तर चोर दाराकडं येतच नाही. म्हणून 'माझा पासवर्ड मोठा आहे' हे ब्रॉडपॉनला उत्तर होत नाही. त्याला एकच उत्तर, दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर. म्हणजे अपडेट.

आणि अपडेट म्हटलं की मी आदिलाबादला, आमच्या घरी येते.

माझे मामा पैनगंगेच्या अलीकडं कापूस आणि सोयाबीन करतात. त्यांचा फोन चार-पाच वर्षांचा, काच तडकलेली. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचं थोड्याफार फरकानं तेच आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यात सुरक्षा अपडेटची तारीख बघितली तर दोन वर्षांपूर्वीची निघाली, आणि नवं अपडेट मागितलं तर फोन म्हणाला, तुमचा फोन अद्ययावत आहे. हे वाक्य खोटं नाही. कंपनीनं त्या मॉडेलला अपडेट देणं थांबवलंय, म्हणून पुढं काही नाहीच. पण वाचणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. मामांना समजावून सांगायला गेले तर ते म्हणाले, "अव्वं, फोन चालते ना? मंग कशाले त्याच्या मागं लागतं?" त्याच्या आधी जेव्हा अपडेट येत होती तेव्हा त्यांनी ती करूच दिली नव्हती. डेटा संपते अन् फोन हळू होते, हे त्यांचं कारण. ते अगदीच चूक आहे असंही मला म्हणवत नाही.

मार्च २०२३ मध्ये प्रोजेक्ट झीरोनं सॅमसंगच्या एक्सिनॉस मोडेममधल्या १८ चुका जाहीर केल्या. मोडेम म्हणजे टॉवरशी बोलणारी चिप. त्यातल्या चार अशा होत्या की हल्लेखोराला फक्त तुमचा फोन नंबर माहीत असला तरी पुरे, जवळ येण्याचीही गरज नाही. अपडेट येईपर्यंत वायफाय कॉलिंग आणि व्होल्टे बंद ठेवा, असा सल्ला दिला गेला. बाधित फोनच्या यादीत पिक्सेल ६ आणि ७ होते, तसेच ए१२, ए१३, ए०४, एम१२, एम१३ हेही होते. ही दुसरी नावं वाचून मी थांबलेच. पिक्सेल आमच्या तालुक्यात मी एकही पाहिला नाही. ए आणि एमवाले फोन आमच्या बसमध्ये दर दुसऱ्या हातात दिसतात. पिक्सेलवाल्याला अपडेट आधी मिळते आणि अनेक वर्षं मिळत राहते. स्वस्त फोन घेणाऱ्याला उशिरा आणि कमी वर्षं. चूक तीच, पण किंमत कोण मोजतो ते वेगळं.

आणि आता फोन ही हौस राहिलेली नाही. २०२५-२६ च्या हंगामापासून सीसीआयला हमीभावानं कापूस विकायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करायची. बँकेचा ओटीपी त्याच फोनवर, यूपीआय त्याच फोनवर, आधारचा मेसेज त्याच फोनवर. मामांचं वर्षभराचं पीक त्या तडकलेल्या काचेच्या मागं आहे.

मला घाबरवायचं नाही. हवेतून चिपवर हल्ला करणं हे महागडं, कौशल्याचं काम आहे. असे हल्ले करणारे बहुतेक वेळा पत्रकार, कार्यकर्ते, अधिकारी यांच्या मागं लागतात, कापूस विकणाऱ्यांच्या नाही. आपल्या भागातल्या बातम्यांत येणारी फसवणूक खोट्या लिंकची आणि फोनवरून ओटीपी काढून घेण्याची असते. तिच्यापासून आधी सांभाळा. पण आज महाग असलेली गोष्ट उद्या स्वस्त होते, आणि जुने फोन तर जुनेच राहणार.

यावर उपाय काय? दोन आहेत आणि दोन्ही हळू चालणारे आहेत. एक, चुका सापडतील तशा बुजवत जायच्या. दुसरा, भाषाच अशी घ्यायची की जागेची मर्यादा लिहिणाऱ्यानं आठवणीनं तपासावी लागणार नाही, भाषा स्वतः तपासेल, आणि सोडलेल्या खोलीची किल्ली कुणाकडं उरणारच नाही. अशा भाषांपैकी जिचं नाव सध्या गाजतंय ती रस्ट. २००६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला ग्रेडन होअर (टोनी होअर वेगळे) घरी आले तर इमारतीची लिफ्ट सॉफ्टवेअर कोसळल्यामुळं बंद. ते एकविसाव्या मजल्यावर राहायचे. जिने चढता चढता त्यांना वाटलं, लिफ्टचा साधा प्रोग्रामही आपण न कोसळणारा लिहू शकत नाही, हे काय चाललंय? तिथून या भाषेची सुरुवात झाली. पहिली पक्की आवृत्ती मे २०१५ मध्ये आली, म्हणजे त्या ३२ बाइटच्या चुकीनंतर महिन्याभरानं.

रस्ट म्हणजे गंज असं मला वाटलं होतं. पण होअर यांच्या मनात रस्ट नावाची बुरशी होती, झाडावर येणारी, कशानंही न मरणारी. म्हणजे आपला तांबेरा! सोयाबीनच्या पानावर तांबेरा दिसला की मामांची झोप उडते, आणि फोनच्या सुरक्षिततेसाठी मी त्यांना तांबेऱ्याची शिफारस करते आहे. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आकडे मात्र बोलके आहेत. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षेच्या चुकांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या असतात. अँड्रॉइडमध्ये हेच प्रमाण २०१९ साली ७६ टक्के होतं. गूगलनं नवा मजकूर शक्यतो रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहायला सुरुवात केली आणि २०२४ पर्यंत ते २४ टक्क्यांवर आलं. यातली गंमत म्हणजे जुना सगळा मजकूर त्यांनी पुन्हा लिहिला नाही. जुना तसाच ठेवला, बुजवत राहिले, फक्त नवा नीट लिहिला. जुन्या मजकुरातल्या चुका वापरातून सापडत आणि कमी होत जातात, नव्या चुकांची भर पडली नाही तर एकूण आकडा आपोआप उतरतो. अर्थात हे अँड्रॉइडचं झालं. चिपच्या आतलं सॉफ्टवेअर वेगळ्या कंपन्यांच्या ताब्यात आहे आणि तिथं बदल फार सावकाश चालू आहे.

शेवटी आपल्या मंडळाच्या कामाचं. सर्ट-इन ही आपली सरकारी संस्था २००४ पासून अशा धोक्यांचे इशारे काढते. ते इशारे मी वाचते, पण मामांना वाचून दाखवता येत नाहीत. इंग्रजी माझी अडचण नाही, मराठीत हे म्हणायचं कसं ही आहे. 'बफर ओव्हरफ्लो'ला मी दोन-तीन शब्द करून बघितले. 'मर्यादाभंग' म्हटलं तर विधानसभेची आठवण होते. 'उतू जाणं' जवळचं आहे, दूध उतू जातं तेव्हा शेजारच्या भांड्यात पडतंच. पण दूध आपोआप उतू जातं, इथं कुणीतरी मुद्दाम ओततंय. मामीला विचारलं तर ती म्हणाली, "दुसऱ्याच्या वावरात नांगर घालणं म्हण." धुरा कोरणं. शेजाऱ्याचा धुरा दर वर्षी तासभर कोरत जाणारी माणसं आमच्याकडं प्रत्येक गावात आहेत, आणि मोजणी केल्याशिवाय ते सिद्ध होत नाही. इतका नेमका शब्द मला कुठल्या कोशात सापडला नसता. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना तुम्हीही तुमच्या घरचे शब्द विचारून आणा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची तारीखही लिहून आणा, स्वतःच्या आणि घरच्यांच्या फोनची. एक यादी करू.

मामांच्या फोनचं मी जमलं तेवढं केलं. जुनी, न लागणारी वायफाय नेटवर्क पुसून टाकली, घराबाहेर वायफाय बंद ठेवायला शिकवलं, बँकेचं ॲप मामेभावाच्या नव्या फोनवर घेतलं आणि ब्लूटूथ बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लूटूथ पुन्हा सुरू होतं. ट्रॅक्टरवरचा स्पीकर ब्लूटूथचा आहे.